ताबा आधी, ताकद नंतर : भांडुपच्या झाडकामाची यंत्रे

मे महिना लागला की भांडुपच्या जुन्या सोसायट्यांच्या सभेत झाडांच्या छाटणीचा विषय हमखास निघतो. गच्चीवर झुकलेला गुलमोहर, गाड्यांवर पसरलेला पर्जन्यवृक्ष, शेजारच्या पत्र्यावर वाळक्या झावळ्या टाकणारा नारळ. दोन-तीन कंत्राटदारांची दरपत्रके येतात, शेवटचा आकडा पाहिला जातो आणि कमी दरवाल्याला काम मिळते. माणूस झाडावर कसा चढणार, त्याच्या हातात कोणते यंत्र असणार, कापलेली फांदी खाली कशी उतरणार, याबद्दल त्या कागदावर बहुधा एक ओळही नसते. झाडाचे आणि माणसाचे बरेवाईट मात्र नेमके याच गोष्टींवर ठरते. म्हणून बाजारात मिळणाऱ्या आणि मिळायला हवीत अशा यंत्रांचा हा आढावा भांडुपचे झाड डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे.

प्रश्न किती मोठा आहे, ते महापालिकेच्या २०१८च्या वृक्षगणनेवरून कळते. मुंबईत २९,७५,२८३ झाडे मोजली गेली. त्यांतली १५,६३,७०१ खासगी आवारांत होती, ११,२५,१८२ सरकारी आवारांत, १,८५,३३३ रस्त्यांच्या कडेला आणि १,०१,०६७ उद्यानांत. उद्यान खात्याची गाडी आणि शिडी आपल्याला रस्त्यावर दिसते, पण शहरातली निम्म्याहून अधिक झाडे कुंपणाच्या आत आहेत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे पडली, आणि त्यांतही खासगी आवारांतली जास्त होती. झाडकामाची यंत्रे कोणती असावीत, हा निर्णय त्यामुळे पालिकेइतकाच सोसायटीच्या सचिवाच्या टेबलावरही असतो.

भांडुपची ठेवण या कामाला अवघड आहे. पश्चिमेला वस्ती टेकडी चढत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेपर्यंत गेली आहे. कोकण नगर, टेंभीपाडा, हनुमान टेकडी इथल्या गल्ल्यांत क्रेन सोडाच, टेम्पोही जेमतेम शिरतो. पूर्वेला दातार कॉलनीसारख्या जुन्या वसाहती आणि त्यांच्यापलीकडे खारफुटी. मधून मध्य रेल्वे जाते आणि तिच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार. झाडाखाली मोकळी जमीन अशी नसतेच. छप्पर, गाडी, तार, पाण्याची टाकी, खेळणारी मुले यांपैकी काहीतरी असतेच. जंगलात कापलेले झाड पाडता येते. इथे ते तुकड्यातुकड्यांनी उतरवावे लागते. यंत्रांची तुलना याच कसोटीवर करायला हवी.

आधी हाताची हत्यारे

मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांदीला इंजिनाची गरज नसते. ओढताना कापणारी, किंचित वाकलेली, कडक दातांची घडीची करवत अशी फांदी अर्ध्या-एक मिनिटात उतरवते, कमरेला म्यानात बसते आणि चढणाऱ्याचा एक हात मोकळा ठेवते. बांबूच्या टोकाला बांधलेली आकडी आणि करवत हे आपल्याकडचे जुने साधन आजही उपयोगी आहे. कोयत्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. कोयता कोवळ्या फांदीला आणि झावळीला चांगला; जाड फांदीला त्याचे घाव पडले की साल खोडापर्यंत सोलत जाते आणि चिरफळलेला खुंट उरतो. त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि काही वर्षांनी तीच जागा वादळात मोडते.

अमेरिकेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, ते तिला आतून बंदिस्त करते. ही भिंत उभी करण्याची ताकद फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यात असते. म्हणून जाड फांदीला तीन काप द्यायचे : बुडापासून थोडे दूर खालून अर्धवट, मग त्याच्याही पुढे वरून पूर्ण, आणि वजन गेल्यावर उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेरून. हे तीन काप साध्या करवतीनेही नीट होतात. महागडे यंत्र असूनही ते चुकले, तर झाड गेलेच.

पेट्रोलची चेनसॉ : किती सीसी?

जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली आणि १९२९मध्ये पेट्रोलवरची. तेव्हा ती उचलायला दोन माणसे लागत. आज तीच शक्ती एका हातात मावते आणि तिथेच धोका सुरू होतो.

बाजारातल्या यंत्रांचे तीन गट पाडता येतात. पहिला ३० ते ३५ सीसीचा. श्टिलची एमएस १७० हे त्याचे ओळखीचे उदाहरण : ३०.१ सीसी, १.२ किलोवॉट, पट्टी आणि साखळी सोडून सुमारे चार किलो. जमिनीवर पडलेल्या वीत-दीड वीत जाडीच्या फांद्यांना ती पुरते. दुसरा गट ४५ ते ५० सीसीचा, उदाहरणार्थ एमएस २५० : ४५.४ सीसी, २.३ किलोवॉट, ४.६ किलो. भांडुपसारख्या भागात कंत्राटदाराचे जमिनीवरचे बहुतेक काम या गटात उरकते. तिसरा ६० सीसीच्या वरचा. एमएस ३८२ ही ७२.२ सीसी, ३.९ किलोवॉट आणि सहा किलोंच्या वर. हुस्क्वार्नाची ३७२ मालिका याच तोडीची. वादळात आडवा झालेला जुना पर्जन्यवृक्ष रस्त्यावरून हटवायचा तर हेच यंत्र हवे. पण असे दिवस वर्षात मोजके असतात. वॉर्डाच्या आणि अग्निशमन दलाच्या गाडीवर ते असावे. सोसायटीच्या छाटणीला ते आणणारा माणूस चुकीचे हत्यार घेऊन आला आहे, असे समजावे.

या तिघांच्या बाहेर एक चौथा प्रकार आहे आणि गल्लोगल्ली तोच दिसतो : ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, नाव बदलत राहणारी, '५८ सीसी, २२ इंची' अशी जाहिरात असलेली चेनसॉ. नफा तुटपुंजा असलेल्या छोट्या कंत्राटदाराने ती घेतली तर त्याला दोष देता येत नाही. मात्र तिच्यात विकले जाते ते आकाराचे आकर्षण. २२ इंची पट्टी सुमारे ५६ सेंटिमीटरची असते. छाटायची फांदी बहुधा दहा ते पंचवीस सेंटिमीटर जाड. उरलेली पट्टी नुसते वजन पुढे ढकलते आणि तिचे टोक दिसत नाही तिथे दुसऱ्या फांदीला लागते. टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागले की यंत्र कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. मजूर त्याला झटका म्हणतात. हा झटका सावरायला माणसाला वेळच मिळत नाही; त्याला फक्त साखळीचा ब्रेक थांबवू शकतो. उसळीसरशी आपोआप लागणारा ब्रेक १९७०च्या दशकात आला आणि चेनसॉच्या इतिहासातली ती सर्वांत मोलाची सुधारणा ठरली. खरेदी करताना सीसी विचारण्याआधी ब्रेक लावून पाहावा. तो सैल असेल, अडकत असेल किंवा मजुराने काढून टाकलेला असेल, तर यंत्र कितीही जोरकस असो, ते परत पाठवावे.

पेट्रोलच्या यंत्राची आणखी एक मुंबईकर अडचण आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि आपल्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. जूनमध्ये टाकीत इंधन ठेवून बाजूला ठेवलेले यंत्र ऑक्टोबरमध्ये रस्सी ओढून ओढून सुरू होत नाही, कारण कार्बुरेटरचा पातळ पडदा कडक झालेला असतो. काम संपले की टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे आणि टू-टी तेलाचे मिश्रण लागेल तेवढेच, ताजे करावे. चांगल्या तेलाला प्रमाण ५०:१ धरतात, म्हणजे लिटरला २० मिली. तेल अंदाजाने ओतले तर कमी पडल्यास पिस्टन धरतो आणि जास्त झाल्यास धूर चढणाऱ्याच्या नाकात जातो.

झाडावर चढणाऱ्याचे यंत्र

झाडावरच्या कामासाठी वेगळी चेनसॉ असते, हेच आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. तिची मूठ मागे नसून डोक्यावर असते, म्हणून ती लांबीला आखूड आणि तोलाला नेमकी. श्टिलची एमएस १९४ टी ३१.८ सीसीची आणि सव्वातीन किलोंच्या आसपास. हुस्क्वार्नाची टी४३५ ३५.२ सीसीची, तीही साधारण तेवढ्याच वजनाची. पट्टी बारा-चौदा इंची. जमिनीवरचे लांब यंत्र दोराने वर ओढून घेऊन कापणारा मजूर आणि हे यंत्र पट्ट्याला अडकवून चढणारा मजूर यांच्या सुरक्षिततेत फार अंतर आहे.

या यंत्राचा धोका त्याच्या सोयीतच आहे. ते एका हाताने उचलता येते, म्हणून माणूस एका हाताने कापतो आणि दुसऱ्याने फांदी धरतो. झटका बसला की धरलेला हात पट्टीसमोर येतो. दोन्ही हात यंत्रावर आणि शरीर दोन ठिकाणी बांधलेले, हा नियम पाळता येत नसेल तर वरच्या मुठीचे यंत्र देऊच नये. ते शिकलेल्या माणसासाठी आहे. जमिनीवर वापरण्यासाठी तर मुळीच नाही.

बॅटरीची पाळी

गेल्या दशकात सर्वांत मोठा बदल बॅटरीने केला. हुस्क्वार्नाची टी५३५आय एक्सपी ३६ व्होल्टची आणि बॅटरीविना २.४ किलोंची आहे. तिच्या साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. फांदीवर पाय रोवून रस्सी ओढण्याची कसरत संपते. बोट उचलले की साखळी थांबते, धूर नाही, आणि आवाज एवढा कमी की खालच्या माणसाची हाक वर ऐकू येते. दोन इमारतींच्या चिंचोळ्या बोळात काम करताना ही हाक जीव वाचवते. पेट्रोलची चेनसॉ कानाजवळ शंभर डेसिबलच्या वर जाते. शाळा, दवाखाना, घरी झोपलेले म्हातारे माणूस, भांडुपच्या कोणत्याही गल्लीत यांपैकी कोणीतरी असतेच.

मर्यादाही तेवढ्याच खऱ्या आहेत. जाड लाकडात बॅटरी लवकर संपते. दिवसभराच्या कामाला तीन-चार बॅटऱ्या आणि चार्जर लागतात, आणि बॅटऱ्यांची किंमत यंत्राच्या बरोबरीला जाते. मेच्या उन्हात तापलेली बॅटरी चार्ज होण्याआधी गार होऊ द्यावी लागते. मुसळधार पावसात पडलेले झाड रात्री दोन वाजता हटवायचे तर आजही पेट्रोलच. कॅलिफोर्नियाने २०२४पासून नव्या लहान पेट्रोल इंजिनांची विक्री बंद करण्याची वाट धरली, तेव्हाही ४५ सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ त्यातून वगळल्या. कामाची वाटणी त्यातून दिसते : फांदीला बॅटरी, बुंध्याला पेट्रोल. सोसायटीच्या छाटणीत बुंधा क्वचितच येतो.

ऑनलाइन मिळणारी वीतभर पट्टीची, खेळण्यासारखी दिसणारी बॅटरी-करवत हा वेगळा प्रकार. गच्चीवरच्या कुंडीतल्या झाडाला ती ठीक. पण तिलाही साखळीच असते आणि ती एका हाताने चालवली जाते. मुलांच्या हाताला लागेल अशी ती ठेवू नये.

लांब दांड्याची करवत आणि तार

जमिनीवर उभे राहून चार-पाच मीटर उंचीवरची फांदी कापणारी दांड्याची चेनसॉ सोसायटीसाठी सर्वांत उपयोगी आहे, कारण ती चढण्याची गरजच कमी करते. मात्र दोन अटी कधीही मोडू नयेत. कापणाऱ्याने फांदीच्या थेट खाली उभे राहू नये. दांडा तिरका धरावा. आणि तारेजवळ ती वापरूच नये. दांडा ॲल्युमिनियमचा असतो, ओल्या फांदीतूनही वीज उतरते. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात वीज महावितरणची आहे. फांदी तारेला टेकत असेल तर आधी त्यांच्या कार्यालयाला कळवून पुरवठा बंद करून घ्यायचा, मग हत्यार उचलायचे. दहा मिनिटांचे काम म्हणून हा टप्पा गाळणे जिवावर बेतते.

उंची, दोर आणि वजन

तीस सेंटिमीटर जाडीचा, तीन मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे दोनशे किलो भरतो. तो दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून सुटला तर पत्रा, गाडी किंवा माणूस, काहीच टिकत नाही. म्हणून माझ्या मते या साऱ्या यादीत सर्वांत महत्त्वाची वस्तू दोर आहे, आणि नेमकी तीच सर्वांत स्वस्तात उरकली जाते. बाजारातला निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर घर्षणाने वितळतो आणि गाठीपाशी अचानक तुटतो. चढणाऱ्याचा दोर वेगळा, फांदी उतरवण्याचा वेगळा. दोन्ही भाराची क्षमता लिहिलेले. फांदीच्या वर कप्पी, खाली बुंध्याला घर्षण देणारा लोखंडी ढोल, आणि दोर हळूहळू सोडणारा एक जाणता माणूस. एवढे असले की दोनशे किलोंचा ओंडका पत्र्याला न शिवता खाली येतो.

रस्ता रुंद असेल तिथे बादलीची हायड्रॉलिक शिडी उत्तम. लालबहादूर शास्त्री मार्गावर तिच्याहून सुरक्षित दुसरे काही नाही. हायड्रा क्रेन पडलेला बुंधा उचलायला योग्य. तिच्या हुकाला माणूस लटकवून छाटणी करणे हा गुन्ह्याइतका निष्काळजीपणा आहे. जेसीबीच्या दाताने फांद्या ओरबाडणे तर छाटणीच नाही, झाडाला दिलेली शिक्षा आहे. आणि टेकडीवरच्या गल्लीत यातले काहीच पोहोचत नाही. तिथे शिकलेला चढणारा माणूस हाच उपाय.

असा माणूस घडवता येतो. नारळ विकास मंडळाने २०११मध्ये माडावर यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण देणारा 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हा उपक्रम सुरू केला. कोकणातून आलेल्या भांडुपकरांना माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली माहीत आहे; त्याच्या अंगच्या चढण्याच्या कौशल्याला कमरपट्टा, दुहेरी दोर आणि वरच्या मुठीच्या यंत्राचे शिक्षण जोडले, तर शहराला हवा तो वृक्षकर्मी इथेच तयार होईल.

साखळी आणि अंगावरचे कपडे

बोथट साखळी हा अपघाताचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. १९४६मध्ये अमेरिकेतले लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून आजच्या साखळीच्या दाताचा आकार शोधला. धारदार साखळी आपणहून लाकडात शिरते आणि जाड भुसा पडतो. पिठासारखी भुकटी पडू लागली, माणूस यंत्रावर दाब देऊ लागला, की थांबून कानस काढावी. साखळीच्या मापानुसार ४, ४.८ किंवा ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते. ती चुकली तर दात बिघडतो. वड-पिंपळाचा चीक दातांवर साठतो, नारळाचे तंतू साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात अडकतात, आणि जुन्या झाडांत जाहिरातींचे खिळे आणि रोषणाईच्या तारा रुतलेल्या असतात. झाडांना खिळे ठोकणे का थांबले पाहिजे, त्याचे हेही एक कारण आहे.

चेनसॉची संरक्षक विजार हा आपल्याकडे चैनीचा प्रकार समजला जातो. तिच्या आतले लांब धागे साखळीत गुंतून ती क्षणात थांबवतात. सेकंदाला वीस मीटर वेगाच्या साखळीसाठी पहिल्या वर्गाची विजार असते. मेच्या उकाड्यात ती असह्य होते हे खरे. त्यावर उपाय म्हणजे काम सकाळी सुरू करून अकराच्या आत थांबवणे. चपला आणि लुंगी हा उपाय नव्हे. शिरस्त्राण, जाळी, कानपट्टी, पकड असलेले बूट यांचा एकूण खर्च एका साध्या चेनसॉपेक्षा फार नाही. सतत कंपन सोसणाऱ्या हातांच्या बोटांना बधिरपणा येतो आणि तो नंतर सहसा जात नाही. युरोपीय संघाने २००२च्या निर्देशात हाताच्या कंपनाची रोजची मर्यादा पाच मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी ठरवली. आपल्या मजुराचे हात कोणी मोजत नाही. म्हणून निदान दोघांनी पाळीपाळीने यंत्र चालवावे.

कापल्यानंतर, आणि कापण्याआधी

फांद्यांचा ढीग आठवडाभर फुटपाथवर पडून राहतो, कारण टेम्पोत हवाच जास्त भरते. फांद्यांचे तुकडे करणारे चिपर यंत्र तोच ढीग काही गोण्यांत बसवते, आणि ते तुकडे त्याच आवारातल्या झाडांच्या बुडाशी पसरले की माती गार राहते. कांजूरमार्गची कचराभूमी शेजारीच आहे. तिथे एकही फांदी जाऊ नये. चिपर एका सोसायटीला परवडणार नाही. दहा सोसायट्यांनी मिळून दिवसाच्या भाड्याने आणावे. त्याच्या तोंडाशी सैल बाही आणि हात यांना सक्त मनाई असावी.

आणि परवानगी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५चा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही, आणि झाडाला इजा करणेही त्या कायद्याच्या कक्षेत येते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. छाटणीचा अर्ज भांडुप पश्चिमेच्या एस विभाग कार्यालयात द्यावा; झाड कोसळण्याचा धोका दिसला तर १९१६ वर कळवावे. पूर्वेकडच्या खारफुटीला तर कोणतेही हत्यार लावू नये. पावसाच्या तोंडावर बगळे आणि इतर पक्षी घरटी करतात. मार्च-एप्रिलमध्ये छाटणी उरकली तर पिलेही वाचतात आणि घाईही टळते.

मग घ्यावे काय?

सोसायटीने दांड्याची सोडून स्वतःची दुसरी चेनसॉ घेऊ नये. घडीची करवत आणि जमिनीवरून चालणारी दांड्याची करवत एवढे पुरे. बाकीचे शिकलेल्या माणसाकडून करून घ्यावे. छोट्या कंत्राटदाराने पहिल्या पैशात दोर, कप्पी, कमरपट्टे आणि संरक्षक कपडे घ्यावेत. दुसऱ्या पैशात बॅटरीची वरच्या मुठीची चेनसॉ. तिसऱ्यात ४५ सीसीची पेट्रोल चेनसॉ. साठ-सत्तर सीसीचे यंत्र वॉर्डाकडे आणि अग्निशमन दलाकडे राहू द्यावे.

दरपत्रक मागवताना सोसायटीने पाच गोष्टी लेखी मागाव्यात : चढणाऱ्याचे प्रशिक्षण, मजुरांचा विमा, दोरांची क्षमता, यंत्राचा प्रकार, आणि फांद्यांची विल्हेवाट. या पाच ओळींमुळे दर काही हजारांनी वाढेल. तो फरक सदनिकांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला फारसे येत नाही. त्याच्या बदल्यात झाड जगते, आणि त्यावर चढलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जातो. येत्या सभेत हा खर्च मंजूर करावा, इतके तरी आपण या दोघांचे देणे लागतो.